रक्तातले तांबे आणि पातेल्यातले तांबे

खोपोलीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानांपुढून जाताना गेल्या काही वर्षांतला एक बदल सहज नजरेत भरतो. स्टीलच्या लाटेत मोडीत गेलेली तांब्या-पितळेची भांडी पुन्हा दर्शनी भागात आली आहेत. तांब्याची बाटली लग्नाच्या आहेरात दिली जाते, निवृत्तीच्या समारंभात भेट म्हणून येते आणि कारखान्यात पाळीला जाणाऱ्या कामगाराच्या पिशवीतही दिसते. त्याच सुमारास रक्त तपासणीच्या ‘संपूर्ण’ पॅकेजमध्ये जीवनसत्त्वांच्या जोडीला तांबे, जस्त, सेलेनियम असे सूक्ष्म घटक आले. अहवालात तांब्यासमोर एक आकडा असतो आणि त्याच्या पुढे ‘कमी’ किंवा ‘जास्त’ असा शेरा. तो वाचून कोणी बाटली बंद करतो, तर कोणी नवी विकत आणतो. दोन्ही निर्णय बहुतेकदा चुकीच्या आधारावर घेतलेले असतात, कारण शरीरात तांबे किती आहे या प्रश्नाचे उत्तर रक्ताच्या आकड्यात सहसा नसते.

हे नुसते तांत्रिक शास्त्र नव्हे. तांबे कुठे मोजायचे, हा प्रश्न महाराष्ट्रात एकदा लहान मुलांच्या जिवाशी जोडला गेला होता आणि त्याचे उत्तर शोधण्याचे मोठे काम खोपोलीहून बोरघाट चढून गेल्यावर लागणाऱ्या पुण्यातच झाले. ती भांडी परत येत असताना तो धडा विसरणे परवडणारे नाही.

आकडा काय सांगतो

प्रौढ माणसाच्या शरीरात तांबे असते ते जेमतेम १०० मिलिग्रॅमच्या आसपास. ते थोडे असले तरी त्याशिवाय चालत नाही. पेशींमधली ऊर्जानिर्मिती, लोहाचा वापर, हाडे आणि रक्तवाहिन्यांची बळकटी, मज्जातंतूंचे आवरण, त्वचेचा रंग या सगळ्यांत तांबे असलेली विकरे काम करतात. अमेरिकेच्या पोषण मंडळाने २००१ मध्ये ठरवलेल्या मानकानुसार प्रौढांची रोजची गरज ०.९ मिलिग्रॅम आहे आणि सुरक्षित कमाल मर्यादा १० मिलिग्रॅम. कडधान्ये, शेंगदाणे, तीळ, काजू, नाचणी, काळीज, खेकडे यांतून ही गरज साध्या जेवणातही भागते.

शरीर हा हिशेब स्वतः सांभाळते. अमेरिकेतील ज्युडिथ टर्नलंड यांच्या प्रयोगांत रोज सुमारे ०.८ मिलिग्रॅम तांबे मिळणाऱ्या तरुणांनी त्यातले निम्म्याहून अधिक शोषून घेतले, तर रोज साडेसात मिलिग्रॅम मिळाल्यावर शोषण साधारण १२ टक्क्यांवर आले. जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. त्यामुळे आहारात बराच फरक पडला तरी निरोगी माणसाच्या रक्तातला आकडा फारसा हलत नाही.

तो हलतो तो वेगळ्याच कारणांनी. रक्तद्रवातले बहुतांश तांबे सेरुलोप्लाझ्मिन नावाच्या प्रथिनात बांधलेले असते आणि हे प्रथिन यकृत तयार करते. शरीरात कुठे संसर्ग किंवा दाह असला की यकृत ते जास्त बनवते. गरोदरपणात आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत त्याचे प्रमाण बरेच वाढते. म्हणजे तापातून नुकत्याच उठलेल्या माणसाचा किंवा सातव्या महिन्यातल्या गर्भवतीचा अहवाल ‘तांबे जास्त’ असा येऊ शकतो आणि त्याचा तांब्याच्या बाटलीशी काडीचाही संबंध नसतो. उलट, अंगात प्रथिनांची मोठी कमतरता असेल तर हेच वाहक प्रथिन घटते आणि आकडा खाली येतो. रक्ताची तपासणी मुख्यतः वाहन मोजते. गोदामात माल किती आहे, ते त्यावरून कळेलच असे नाही. हे गोदाम म्हणजे यकृत.

पुण्यातला शोध

‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ या नावाने ओळखल्या गेलेल्या आजाराचे पहिले वर्णन कोलकात्यात १८८७ मध्ये सेन यांनी केले होते. सहा महिने ते साधारण तीन-चार वर्षे वयाचे मूल चिडचिडे व्हायचे, त्याचे पोट फुगायचे, यकृत वाढून हाताला टणक लागायचे. पुढे कावीळ, पोटात पाणी आणि बहुतेकदा काही महिन्यांत मृत्यू. एकाच घरात पाठोपाठची दोन-तीन भावंडे दगावल्याची उदाहरणे होती. ‘मुलाला लिव्हर झाले’ एवढेच घरचे सांगत. शंभर वर्षे कारणांची यादी लांबत गेली : विषाणू, आहारातली विषे, आनुवंशिकता, आईचे खाणे.

पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या कामाने या यादीत तांब्याला पुढे आणले. १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या मुलांच्या यकृतातले तांबे प्रत्यक्ष मोजले होते. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते. या आजारात ते बहुधा ८०० च्या पुढे आणि कित्येकदा काही हजारांत सापडते. तांबे यकृतात साठत होते. प्रश्न उरला तो येते कुठून, याचा.

या टप्प्यावर मोजमापाची जागा बदलली. प्रयोगशाळेतून संशोधक स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी आयांना विचारले : बाळाला वरचे दूध कधी सुरू केले, ते कशात तापवले, कशात ठेवले? १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच तांबेमिश्रित दुधाचा संशय मांडला गेला. १९८७ मध्ये आजारी आणि निरोगी मुलांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध झाली. आजारी मुलांना पहिल्या काही महिन्यांतच गाईचे किंवा म्हशीचे दूध, तेही पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेले, मिळाल्याचे प्रमाण निरोगी मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते.

दूधच का? जनावराच्या दुधात मुळात तांबे फार कमी असते. पण त्यातले केसीन हे प्रथिन भांड्यातून सुटणारे तांबे घट्ट धरून ठेवते. दूध तापवले आणि तासन्‌तास त्याच भांड्यात राहू दिले की ते वाढत जाते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू, तेव्हा ‘आमच्याकडे तांब्याचे नाही, पितळेचे होते’ या उत्तराने काही फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो कल्हईने. कथलाचा थर शाबूत असेल तर दुधाचा तांब्याशी संबंध येत नाही. कल्हई उडालेली असेल तर येतो.

तान्ह्या बाळाची बाजू इथे लंगडी असते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत गर्भाच्या यकृतात तांब्याचा साठा झालेला असतो आणि जन्मानंतर पित्तावाटे तांबे बाहेर टाकण्याची व्यवस्था अजून पुरती बसलेली नसते. पहिल्या सहा महिन्यांत बाळाला रोज अवघे ०.२ मिलिग्रॅम तांबे पुरेसे मानले जाते आणि आईच्या दुधातून ते मिळते. त्यावर भांड्यातले तांबे दिवसातून पाच-सहा वेळा पडू लागले तर साठा उपसला जात नाही.

याच गटाने पेनिसिलामाइन या तांबे बाहेर काढणाऱ्या औषधाच्या चाचण्या घेतल्या. आजार लवकर ओळखला गेलेली काही मुले त्याने वाचली. मात्र खरा बदल औषधाने घडवला नाही. पुणे जिल्ह्यात कुटुंबांना बाळाचे दूध तांब्या-पितळेत ठेवू नका, असे सांगण्याची मोहीम झाली, स्तनपानाचा आग्रह धरला गेला आणि त्याच काळात स्टील-ॲल्युमिनियमने स्वयंपाकघरे काबीज केली. १९९० च्या दशकात हा आजार दुर्मीळ झाला. आज तरुण बालरोगतज्ज्ञांपैकी अनेकांनी तो पुस्तकातच पाहिलेला आहे.

वाद संपलेला नाही

सगळ्याच शास्त्रज्ञांना तांबे हे मूळ कारण वाटत नाही. विकृतिशास्त्रज्ञ एन. सी. नायक आणि ए. आर. चितळे यांनी २०१३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये या कारणमीमांसेवर गंभीर प्रश्न उपस्थित केले. परदेशातला पुरावाही दोन दिशांना बोट दाखवतो. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात असाच आजार झालेल्या १३८ बालकांची नोंद इन्सब्रुकच्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. तिथेही बाळांचे पातळ, गोड केलेले दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात शिजवले जात होते आणि भांडी बदलल्यावर आजार नाहीसा झाला. पण अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या तीन गावांत पाण्यात लिटरला ८ मिलिग्रॅमहून जास्त तांबे असूनही सहा वर्षांखालील मुलांत यकृताच्या अशा आजाराने मृत्यू सापडला नाही, असे १९९४ मध्ये दाखवले गेले.

दोन्ही एकत्र वाचले तर एक तर्क उरतो : काही मुलांत तांब्याबाबत आनुवंशिक नाजूकपणा असावा आणि भांड्यातले तांबे त्यांनाच भोवत असावे. कोणते मूल तसे आहे, हे जन्मतः ओळखणारी तपासणी उपलब्ध नाही. त्यामुळे वादाचा निकाल काहीही लागो, बाळाचे दूध तांब्या-पितळेपासून दूर ठेवण्याचा सल्ला बदलत नाही. पाळण्यात खर्च नाही आणि न पाळण्यात धोका आहे, असा हा सल्ला आहे.

बाटलीतले पाणी

मोठ्यांच्या बाटलीचा हिशेब निराळा आहे. बंगळूरुच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जुलाबाचे जंतू मुद्दाम मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवले. जंतू वाढवून पाहता ते सापडले नाहीत आणि पाण्यात तांबे उतरले ते लिटरला सुमारे ०.१७७ मिलिग्रॅम. असे दोन लिटर पाणी प्यायले तर पोटात साधारण ०.३५ मिलिग्रॅम तांबे जाते. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. भारतीय मानक ०.०५ मिलिग्रॅमला ‘स्वीकारार्ह’ म्हणते आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेते. त्यातली खालची मर्यादा मुख्यतः तुरट चव, डाग आणि गंज यांच्या विचाराने ठेवलेली आहे. निरोगी प्रौढाला अशा पाण्याचा अपाय नाही. नीट जेवणाऱ्याला त्यातून तांब्याचा वेगळा लाभ व्हावा, असेही काही नाही.

पण बंगळूरुचा आकडा खोपोलीत जसाच्या तसा लागू होत नाही. त्या प्रयोगातले पाणी किंचित अल्कधर्मी होते. पाताळगंगेत येणारे बरेचसे पाणी म्हणजे लोणावळा परिसरातल्या तलावांत साठलेला पाऊस. टाटांच्या खोपोलीतल्या वीजकेंद्रातून १९१५ पासून ते खाली उतरते. कातळावरून वाहिलेले असे पावसाळी पाणी सहसा मृदू असते, तर खालच्या गावांतले बोअरवेलचे पाणी जड असते. मृदू आणि किंचित आम्लधर्मी पाणी तांबे अधिक सोडवते. याचा अर्थ खोपोलीचे पाणी धोकादायक आहे असा नाही. ज्या पाण्याचा, ज्या भांड्याचा आणि जितक्या तासांचा प्रश्न आहे, मोजमाप त्याचेच हवे, एवढाच त्याचा अर्थ.

सर्वांत मोठा फरक आंबटपणाने पडतो. तांब्याच्या बाटलीत लिंबू पिळून ठेवणे, ताक किंवा कोकम सरबत भरणे, कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात चिंचेची आमटी रात्रभर ठेवणे, हे टाळायलाच हवे. पाण्यात तांबे लिटरला ३-४ मिलिग्रॅमच्या पुढे गेले की मळमळ, पोटदुखी सुरू होते, असे चिलीमध्ये सान्तियागोतल्या स्त्रियांवर केलेल्या अभ्यासांतून दिसले आहे. असा त्रास झाला तर पहिला संशय रक्तावर घेण्यापेक्षा भांड्यावर घ्यावा.

कमतरतेची बाजू

तांब्याची भीती घालून थांबले तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. कमतरताही खरी असते आणि तिची ओळखही कुपोषित मुलांमुळेच पटली. पेरूची राजधानी लिमा येथे १९६४ मध्ये कॉर्डानो आणि ग्रॅहम यांनी दाखवले की तीव्र कुपोषणातून केवळ दुधाच्या आहारावर सावरणाऱ्या बाळांत रक्तक्षय, पांढऱ्या पेशींची घट आणि हाडांचे दोष दिसतात आणि तांबे दिल्यावर ते सुधारतात. मूल वेगाने वाढू लागते तेव्हा गरज वाढते आणि दुधात तांबे नसते.

कर्जत आणि खालापूरच्या वाड्या-पाड्यांवर हा मुद्दा पुस्तकी नाही. कातकरी आणि ठाकूर कुटुंबांतले कुपोषण, वीटभट्ट्या आणि कोळसाभट्ट्यांवरचे हंगामी स्थलांतर आणि त्यात मुलांच्या खाण्याची होणारी आबाळ हा इथला जुना प्रश्न आहे. तीव्र कुपोषणावरच्या उपचारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या खनिज मिश्रणात तांबे असते ते यासाठीच. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे रोज ०.३ मिलिग्रॅम. या मुलांची रक्ततपासणी करून तांबे द्यायचे की नाही ठरवत नाहीत. संसर्गाने आकडा वर जातो, प्रथिनांच्या अभावाने खाली येतो, मग त्यावर विसंबायचे कसे? स्थिती पाहून ठरलेली मात्रा दिली जाते. मात्र घरी कोणी याच तर्काने कुपोषित बाळाला तांब्याच्या भांड्यातले दूध देऊ लागला तर ते औषध ठरत नाही. औषधाची मात्रा मोजलेली असते, भांड्याची नसते.

मोठ्यांत कमतरता येते ती बहुधा शस्त्रक्रियेमुळे किंवा गोळ्यांमुळे. वजन कमी करण्यासाठी जठर-आतड्यांवर केलेल्या शस्त्रक्रियेनंतर तांब्याचे शोषण घटू शकते. जस्ताच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर आतड्याच्या पेशी तांबे अडवून ठेवतात. करोनाकाळात घराघरांत जस्ताच्या गोळ्या आल्या आणि काहींनी त्या पुढेही चालू ठेवल्या. बाळाला जुलाबात दिलेला १४ दिवसांचा जस्ताचा कोर्स यात मोडत नाही. पण दीर्घकाळ जस्त घेणाऱ्या प्रौढाला लोहाच्या गोळ्यांनी न सुधारणारा रक्तक्षय, पायांना मुंग्या, चालताना तोल जाणे अशी लक्षणे दिसली तर तांब्याची तपासणी जरूर करावी. मज्जारज्जूला झालेली हानी उशीर झाल्यास पुरती भरून येत नाही.

तपासणी कुणाची

तांबे मोजणे खऱ्या अर्थाने जीव वाचवते ते विल्सन आजारात. यकृतातून तांबे बाहेर टाकणाऱ्या जनुकात जन्मजात दोष असतो. आई-वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता २५ टक्के असते. नात्यातल्या लग्नांत ती वेळ येण्याचा संभव वाढतो. शाळकरी मुलाला वारंवार कावीळ होणे, किशोरवयात अक्षर बिघडणे, हात थरथरणे, बोलणे अडखळणे, अभ्यासात आणि वागण्यात अचानक बदल होणे, ही त्याची रूपे. याला कधी बाहेरची बाधा समजतात, कधी वयाचा हट्ट.

आणि इथे रक्तातले एकूण तांबे बहुधा कमी निघते, यकृत आणि मेंदू तांब्याने भरलेले असताना! ‘तांबे कमी’ हा शेरा वाचून अशा मुलाला तांब्याचे पाणी सुरू केले तर अनर्थ होईल. म्हणून डॉक्टर एका आकड्यावर थांबत नाहीत. सेरुलोप्लाझ्मिन, २४ तासांच्या लघवीतले तांबे, डोळ्याच्या बुबुळाभोवतीचे तपकिरी-सोनेरी कडे, यकृताची स्थिती आणि जनुक तपासणी यांची सांगड घालतात. लघवीत दिवसाला १०० मायक्रोग्रॅमहून जास्त किंवा यकृताच्या दर ग्रॅममागे २५० मायक्रोग्रॅमहून जास्त तांबे हे निदानाला बळ देणारे आकडे. निदान वेळेत झाले तर औषधांवर आयुष्य जवळपास सर्वसामान्य जगता येते. रुग्णाच्या भावंडांची तपासणी लक्षणांची वाट न पाहता करायची असते.

नमुना घेण्यातही काळजी हवी. सूक्ष्म धातूंसाठी खास नळ्या लागतात. साध्या नळीतून किंवा सुईतून धातूचा अंश मिसळला तर आकडा फसवा येतो. २४ तासांच्या लघवीसाठी धातूचे झाकण किंवा भांडे वापरून चालत नाही. तालुक्याच्या गावात घेतलेला नमुना बहुतेकदा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातो, तेव्हा नळी कोणती आणि नमुना कधी पोहोचणार, हे आधी विचारलेले बरे. केसांतून शरीरातले तांबे मोजून देण्याच्या जाहिरातींना निदानासाठी आधार नाही.

अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या घरी जातात तेव्हा बाळाचे वजन पाहतात, लसीकरण विचारतात. वरचे दूध सुरू झालेल्या घरात त्यांनी ‘दूध कशात तापवता, कशात ठेवता?’ एवढे विचारले तर त्याला प्रयोगशाळा लागत नाही. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध. त्यानंतर आणि पहिली काही वर्षे बाळाचे दूध, पेज, खिमट आणि पावडरचे दूध कालवायचे पाणी स्टीलच्या भांड्यात. आजीची पितळी भांडी वापरायची हौस असेल तर वेळेवर कल्हई. चाळीस वर्षांपूर्वी पुण्यात या आजाराचा माग लागला तो यकृतातले तांबे मोजल्यामुळे आणि आयांना हाच प्रश्न विचारल्यामुळे. आज खोपोलीत तो विचारायला फक्त दोन मिनिटे लागतील.